मॅडम, भूल जरा कमीच द्या

मागच्या आठवड्यात एका मावशी पित्ताशयाच्या ऑपरेशनआधी माझ्याकडे फिटनेससाठी आल्या होत्या. वजन ९२ किलो, उंची १५२ सेंटिमीटर, बीपीची एक गोळी चालू, बाकी तब्येत ठणठणीत. सगळे प्रश्न झाले, घसा पाहून झाला, रिपोर्ट पाहून झाले. उठून दारापर्यंत गेल्या आणि पदर सावरत मागे वळून म्हणाल्या, "मॅडम, भूल जरा कमीच द्या बरं का." त्यांच्या मिस्टरांनीही लगेच मान डोलावली. घरून ठरवूनच आले असावेत.

नांदेड आणि आसपासच्या तालुक्यांत भूलतज्ज्ञ म्हणून काम करताना हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय, त्याची मोजदाद नाही. त्यामागचा हिशोब सरळ आहे. औषध शेवटी विषच, तेव्हा जितकं कमी पोटात जाईल तितकं बरं. आधी मी हसून "बरं बरं" म्हणायचे आणि पुढच्या पेशंटकडे वळायचे. आता तसं करत नाही. मावशींना परत खुर्चीत बसवलं. कारण हे वाक्य मी एकदा खरोखर मनावर घेतलं होतं.

पंचवीसेक वर्षं झाली त्याला. माझी प्रॅक्टिस नवी होती. स्कूटरच्या डिकीत औषधांची बॅग टाकून या दवाखान्यातून त्या दवाखान्यात जायचे. एके दिवशी एका नर्सिंग होममध्ये कीर्तनकार महाराज दाखल झाले. साठीच्या आसपास वय, काटकुळी अंगकाठी, वजन ५८ किलो. त्यांचंही पित्ताशयच, दुर्बिणीतून काढायचं होतं. ते हात जोडून म्हणाले, "ताई, आमचं शरीर अन्नावर कमी, नामावर जास्त. भूल बेताचीच द्या." मला ते पटलं. खरं सांगायचं तर मलाही भीतीच वाटत होती. एवढासा देह, त्यात वय झालेलं. स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाची व्हायल तेव्हा ४ मिलीग्रॅमची यायची. एक फोडली, दुसरी फोडली नाही. वर सर्जनना घाई होती, त्यामुळे औषध मुरायला तीन मिनिटं द्यायची ती दोनसुद्धा दिली नाहीत.

नळी घालायला घशात पाहिलं तर स्वरतंतू अजून हलत होते, दार अर्धवट लोटल्यासारखे. थांबायला हवं होतं. मी नळी पुढे सरकवली. महाराज झोपेतच जोरात खोकले, अंग उसळलं, नळी बाहेर आली. दुसऱ्यांदा गेली. ऑपरेशन उत्तम झालं. संध्याकाळी राउंडला गेले तर महाराज काहीतरी बोलू पाहत होते आणि घशातून नुसती फरफर येत होती.

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी पाहिलं. डाव्या स्वरतंतूवर रक्त साकळलं होतं. सहा आठवडे गप्प राहायचं, कुजबुजायचंही नाही. त्या महिन्यात त्यांच्या गावात हरिनाम सप्ताह होता आणि काल्याचं कीर्तन त्यांचं ठरलेलं. दुसऱ्या महाराजांना बोलवावं लागलं. पाटीवर खडूनं लिहून त्यांनी मला दाखवलं, "ताई, चूक माझीच. मीच म्हणालो कमी द्या."

मी मान हलवली. काही बोलले नाही.

आता यातलं काय चुकलं, ते नीट सांगते.

पूर्ण भूल म्हणजे एक औषध नसतं. झोपेचं वेगळं, वेदना थांबवणारं वेगळं आणि स्नायू सैल करणारं वेगळं. हे तिसरं औषध बहुतेक पेशंटना माहीतच नसतं, कारण त्याचं काम सुरू होतं तेव्हा ते गाढ झोपलेले असतात. लांबच्या किंवा पोट फुगवून करायच्या ऑपरेशनमध्ये श्वास यंत्रानं द्यावा लागतो आणि त्यासाठी श्वासनळीत एक नळी बसवतो. त्या वाटेवर स्वरतंतूंचं दार आहे. आपण जागे असताना घासभर पाणी चुकून तिकडे गेलं तरी केवढा ठसका लागतो, आठवून पाहा. इतक्या जपणाऱ्या दारातून बोटभर जाडीची नळी घालायची तर ते दार पूर्ण सैल पडलेलं हवं.

हे औषध झोप आणत नाही, वेदनाही थांबवत नाही. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी शिकारीच्या बाणांना क्युरारे नावाचं विष लावत. त्यातूनच या औषधांचा जन्म झाला. २३ जानेवारी १९४२ रोजी कॅनडात माँट्रियलला हॅरोल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी ते भुलेत पहिल्यांदा वापरलं. नंतर काही वर्षं शंका होती की यानं पेशंटची शुद्धही हरपते का. १९४७ साली अमेरिकेत स्कॉट स्मिथ नावाच्या डॉक्टरांनी ते स्वतःवरच टोचून घेतलं, झोपेचं औषध न घेता. सगळं शरीर लुळं पडलं, श्वास सहकाऱ्यांनी दिला. उतरल्यावर त्यांनी मधल्या काळात काय काय झालं ते सांगितलं. त्यांना सगळं कळत होतं. म्हणून आम्ही आधी झोपवतो, मगच हे औषध देतो आणि ते काम करत असेपर्यंत झोपेचं औषध चालू ठेवतो. 'भूल कमी द्या' यातलं मला सगळ्यात जास्त भिववणारं कमी म्हणजे हे झोपेचं कमी. पण ते वेगळ्या लेखाचं काम आहे.

आता डोस. आमचा सगळा पेच एका गोष्टीत आहे: निम्म्या डोसनं निम्मा परिणाम होत नाही.

स्नायूला हुकूम देणारी नस एक रसायन सोडते आणि ते स्नायूवरच्या ठरावीक जागांवर जाऊन बसतं. बसलं की स्नायू आखडतो. लग्नातल्या पंगतीसारखं समजा. शंभर पाट मांडलेत. आमचं औषध म्हणजे न जेवता नुसते पाट अडवून बसणारे लोक. गंमत अशी की निसर्गानं पाट गरजेपेक्षा फार जास्त मांडून ठेवलेत. साधारण सत्तर पाट अडले तरी पंगत बिनबोभाट उठते, स्नायूची ताकद कमी झाल्याचं दिसतही नाही. पाऊणशेच्या पुढे गेलं की मग भराभर परिणाम दिसू लागतो आणि नव्वद-पंचाण्णव अडले की पंगत बंद. म्हणजे 'थोडंसं' औषध दिलं तर बरेचदा काहीच होत नाही. पेशंटच्या अंगात औषध गेलेलं असतं, त्याचे तोटे जोडीला येऊ शकतात आणि दार मात्र बंदच.

डोस ठरवताना आधी एक आकडा पाहतात: हाताच्या अंगठ्याची हालचाल ९५ टक्क्यांनी कमी करायला सरासरी माणसाला किती औषध लागतं. महाराजांना दिलेल्या व्हेक्युरोनियमचा तो आकडा किलोला ०.०५ मिलीग्रॅम. पण सरासरी माणूस पुस्तकात राहतो. कुणाला जास्त लागतं, कुणाला कमी. शिवाय नळी घालताना परिणाम चटकन आणि पक्का हवा. म्हणून नळीसाठी त्याच्या दुप्पट देतात, किलोला ०.१. महाराजांचं वजन ५८, म्हणजे जवळपास ६ मिलीग्रॅम. मी दिलं ४. आणि वेळही कमी दिला. दोन्ही बाजूंनी काटकसर केली, आणि ती त्यांच्या गळ्यातून वसूल झाली.

त्यांचं शरीर कितीही नामावर चालत असलं तरी स्वरतंतूंना ६ मिलीग्रॅमच लागणार होते. हे मला कळायला हवं होतं, त्यांना नव्हे.

मावशींकडे येते. ९२ किलोच्या बाईला ९२ किलोचा डोस द्यायचा का? तर औषधावर अवलंबून आहे. हल्ली आम्ही जास्त वापरतो ते रोक्युरोनियम, नळीसाठी किलोला ०.६ मिलीग्रॅम. हे औषध पाण्यात विरघळणारं, चरबीत फारसं शिरत नाही. त्यामुळे त्याचा हिशोब उंचीला शोभणाऱ्या वजनावर करतात. बायकांसाठी सोपा ठोकताळा म्हणजे सेंटिमीटरमधल्या उंचीतून १०५ वजा करा. मावशींचे आले ४७ किलो. ०.६ नं गुणलं की २८ मिलीग्रॅम. काट्यावरच्या वजनानं धरलं असतं तर ५५ झाले असते आणि नळी लवकर बसली असती खरी, पण ऑपरेशन संपल्यावर मावशी कितीतरी वेळ तशाच लुळ्या राहिल्या असत्या. म्हणजे 'कमीच द्या' हे या एका औषधापुरतं मावशींचं बरोबरच होतं! मी त्यांना तसं सांगितल्यावर त्यांनी मिस्टरांकडे असं पाहिलं की जणू पैज जिंकली.

पण त्याच मावशींना रात्री बारा वाजता, भरल्या पोटी, घाईत भूल द्यावी लागली तर? मग वेगळा खेळ. पोटात अन्न असताना झोपवलं की ते वर येऊन फुप्फुसात उतरू शकतं. म्हणून झोपवल्यापासून नळी बसेपर्यंतचा वेळ जमेल तितका कमी हवा. अशा वेळी एकतर रोक्युरोनियम दुप्पट, किलोला १.२ पर्यंत देतात, त्यानं मिनिटभरात काम होतं पण असर तासाच्या वर टिकतो. नाहीतर सक्सिनिलकोलीन, आमच्या बोलीत स्कोलीन. किलोला १ ते १.५ मिलीग्रॅम, आणि याचा हिशोब मात्र काट्यावरच्या खऱ्या वजनावर. मिनिटाच्या आत स्नायू थरथरून सैल पडतात आणि पाच-दहा मिनिटांत औषध संपूनही जातं. दुसऱ्या दिवशी अंग दुखतं, मार खाल्ल्यासारखं. तेवढी तक्रार असते.

पाच-दहा मिनिटांत. बहुतेकांच्या बाबतीत.

काही वर्षांपूर्वी रात्री एक चोवीस वर्षांचा मुलगा आला. अपेंडिक्स फुटलेलं, संध्याकाळी पोटभर जेवलेला, वजन ६० किलो. ९० मिलीग्रॅम स्कोलीन दिलं, नळी सहज गेली. माझी एक सवय आहे: पेशंटचा स्वतःचा श्वास परत आलेला पाहिल्याशिवाय लांब चालणारं औषध देत नाही. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. श्वास नाही. सर्जन म्हणाले, "मॅडम, पोट छान सैल आहे." मी म्हणाले, "तेच तर."

पन्नास मिनिटांत ऑपरेशन संपलं आणि तो मुलगा अजूनही बोट हलवत नव्हता. नाडी, बीपी, ऑक्सिजन सगळं उत्तम. अशा वेळी डॉक्टरच्या हातात करण्यासारखं फारसं काही नसतं, आणि जे असतं ते फार महत्त्वाचं असतं: यंत्रानं श्वास देत राहायचा आणि त्याला झोपलेलंच ठेवायचं. ऑपरेशन संपलं म्हणून झोपेचं औषध बंद केलं असतं तर तो जागा होऊन, डोळाही न उघडता येता, आत अडकून पडला असता. बाहेर त्याची आई बसली होती. मी दर अर्ध्या तासानं जाऊन तेच तेच सांगत होते. काही बिघडलेलं नाही, औषध उतरायला वेळ लागतोय. तिचा विश्वास बसत नव्हता आणि मी तिच्या जागी असते तर माझाही बसला नसता.

साडेपाच तासांनी, पहाटे, पहिला श्वास आला. छोटासा. नर्सबाईंनी आधी पाहिला.

स्कोलीन फोडून टाकणारं एक एन्झाइम आपल्या रक्तात असतं. काही लोकांमध्ये ते जन्मतःच फार कमी किंवा निकामी असतं. एरवी त्यावाचून काही अडत नाही, माणूस शंभर वर्षं धडधाकट जगेल. फक्त हे औषध टोचलं की मिनिटांचे तास होतात. आई आणि वडील दोघांकडून दोष आला तरच हा त्रास होतो, म्हणून जवळच्या नात्यात लग्नं होणाऱ्या घरांत तो जास्त दिसतो. आपल्या देशात आर्य वैश्य म्हणजे कोमटी समाजात याचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त आढळलंय. तेलंगणाला लागून असलेल्या आमच्या भागात हा समाज पुष्कळ आहे आणि हा मुलगाही त्यातलाच. यात कमीपणा वाटून घेण्यासारखं काही नाही. रक्ताचा गट वेगळा असावा, तसं हे.

मला जे लागलं ते पुढचं. सकाळी त्याची आई डोळे पुसत म्हणाली, "ह्याच्या मामाचं पण हैदराबादला असंच झालं होतं. दिवसभर उठलेच नव्हते." मी चकित. ऑपरेशनच्या आधी मी विचारलं होतं, घरात कुणाला भुलेचा त्रास झालाय का? सगळे ठामपणे नाही म्हणाले होते. तिचंही बरोबर होतं. मामांना त्रास कुठे झाला होता? ते तर फक्त खूप वेळ झोपले होते.

तेव्हापासून मी प्रश्न बदलला. आता विचारते, "ऑपरेशननंतर घरात कुणी फार उशिरा उठलं होतं का? कुणाला मशीनवर ठेवावं लागलं होतं का? आजोबा, मामा, चुलत भावंडं, कुणीही?" त्या मुलाच्या रक्तात एन्झाइमची पातळी अगदी तळाशी निघाली. त्याला मी एक पत्र लिहून दिलं, पाकिटात कायम ठेवायला, आणि भावंडांची तपासणी करायला सांगितली. सख्ख्या भावंडांत चारात एकाला हे असू शकतं. त्याच्या बहिणीची पातळीही कमी आली. तिचं तेव्हा लग्न ठरत होतं; आज ना उद्या बाळंतपणात रात्री-अपरात्री घाईत भूल द्यायची वेळ आलीच, तर ते पत्र उपयोगी पडेल.

तेव्हा तुम्ही भूलतज्ज्ञासमोर बसाल तेव्हा काय सांगायचं हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. काही गोष्टी मात्र लोक हमखास गाळतात. पापण्या संध्याकाळी जड होतात, बोलताना थकायला होतं, अशी मायस्थेनियाची तक्रार असेल तर जरूर सांगा. त्यांना रोक्युरोनियमचा एवढासा डोसही भारी पडतो. अर्धांगवायू झालेला, मोठं भाजलेलं, लहान मुलाला स्नायू क्षीण होण्याचा आजार, यांत स्कोलीनमुळे रक्तातलं पोटॅशियम एकदम वाढून हृदय थांबू शकतं, म्हणून आम्ही ते टाळतो. किडनी किंवा लिव्हर नाजूक असेल तर अॅट्राक्युरियम निवडतो, ते रक्तात आपोआप विघटित होतं. आणि वजन खरं सांगा. बायका पाच किलो कमी सांगतात, पुरुष उंची वाढवून सांगतात. मी दोघांनाही काट्यावर उभं करते.

उठण्याबद्दल थोडं. मघाचे पाट आठवा. ऑपरेशननंतर पेशंट डोळे उघडतो, हात उचलतो, तेव्हाही बरेच पाट अडलेले असू शकतात आणि गिळायची, खोकायची ताकद अपुरी असू शकते. म्हणून आता मनगटावर एक छोटं यंत्र लावून नसेला चार हलके झटके देतो आणि चौथ्या झटक्याला अंगठा पहिल्याच्या निदान नव्वद टक्के हलतो का ते मोजून मगच नळी काढतो. उतारा म्हणून निओस्टिग्मिन किंवा रोक्युरोनियमसाठी सुगामाडेक्स देतो. हे दुसरं महाग आहे पण काम चोख करतं. फक्त गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांनी एक ध्यानात ठेवा: सुगामाडेक्स मिळालं असेल तर पुढचे सात दिवस दुसरीही काळजी घ्यावी लागते. हे डिस्चार्ज कार्डवर लिहायला आम्ही बरेचदा विसरतो, तेव्हा तुम्हीच विचारा.

मावशींचं ऑपरेशन परवा झालं. रोक्युरोनियम ३० मिलीग्रॅम दिलं, नळी अलगद गेली. संध्याकाळी त्या चहा का देत नाही म्हणून नर्सशी भांडत होत्या, खणखणीत आवाजात.

महाराजांचा आवाज दोन महिन्यांनी परत आला. पण वरची पट्टी पहिल्यासारखी लागत नाही, असं त्यांच्या टाळकऱ्यांनी मला कुठेतरी गाठून सांगितलं होतं. आठ वर्षांनी ते हर्नियासाठी पुन्हा दाखल झाले, तेही दुर्बिणीतून करायचं होतं. त्यांनी माझंच नाव सांगितलं होतं. आदल्या संध्याकाळी मी त्यांच्या खाटेशी स्टूल ओढून बसले आणि ती पाटी, तो खडू आणि त्या दिवशी न फोडलेली दुसरी व्हायल, सगळं सांगितलं. तुम्ही कमी मागितलं म्हणून नव्हे महाराज, मी कमी दिलं म्हणून झालं. किती द्यायचं हे ठरवणं माझं काम होतं.

ते बराच वेळ उपरण्याच्या टोकाशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "आठ वर्षं मी ते स्वतःच्या माथी घेऊन फिरलो, ताई."

मला उत्तर सुचलं नाही. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "मग या खेपेला किती देणार?"

"वजन किती तुमचं?"

"बासष्ट."

मी त्यांना उठवून काट्यावर उभं केलं. एकसष्ट भरलं.